हाडांचं इंजेक्शन: आधीचे पंधरा दिवस, नंतरच्या तीन रात्री

पहिलं इंजेक्शन लागलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. वीस मिनिटांत बाटली संपली, सुई निघाली, मी कापूस दाबून बसले आणि ह्यांना म्हटलं, "झालं पण?" स्तनाच्या कॅन्सरसाठी किमोच्या चार-चार तासांच्या सलाईनी सोसल्यावर हे म्हणजे काहीच नव्हतं. येताना मंडईतून भाजीसुद्धा घेतली. रात्री दहाला थंडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजायचे थांबेनात. साडेअकराला ताप १०२, आणि पहाटेपर्यंत अंग असं ठणकत होतं, जसं कुणी उखळात घालून कांडलंय. मनात एकच: आजार परत आला. ह्यांच्या मनातही तेच असणार, पण बोललं कुणीच नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं आपोआप ओसरलं. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "हो, पहिल्या वेळी होतं असं." मग आधी का नाही सांगितलं? कार्डावर फक्त पुढची तारीख लिहिली होती.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक, अशी पाच इंजेक्शनं घेतली आणि पाचही बिनबोभाट गेली. थोडं औषधाच्या स्वभावामुळे, बरंचसं तयारीमुळे. मी डॉक्टर नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे एक वही केली, प्रत्येक वेळी काय विचारलं, काय झालं, ते लिहीत गेले. ती वही वाचून दाखवावी तसा हा लेख आहे. डोस, गोळ्या, तारखा यातलं काहीही बदलायचं असेल तर ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी कागद बघा: तुमचं इंजेक्शन नेमकं कुठलं?

"हाडांचं इंजेक्शन" या एकाच नावाखाली दोन वेगळी औषधं येतात आणि त्यांचे त्रासही वेगळे आहेत.

पहिलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. हे शिरेतून, सलाईनच्या छोट्या बाटलीत मिसळून देतात. कॅन्सरच्या उपचारात डोस साधारण ४ मिलिग्रॅम. दुसरं डिनोसुमॅब. ते कातडीखाली टोचतात, पोटावर, मांडीवर किंवा दंडावर, आणि मिनिटभरात काम होतं. तापाचा त्रास प्रामुख्याने पहिल्याचा. कॅल्शियम अचानक उतरण्याचा त्रास दोन्हींचा, पण दुसऱ्यात जास्त. मूत्रपिंडाची काळजी पहिल्यात जास्त. जबड्याची दोन्हींत.

किती दिवसांनी घ्यायचं हे कशासाठी दिलंय त्यावर ठरतं. माझ्यासारखी, जिची पाळी गेलेली आहे आणि आजार स्तन व काखेपुरताच होता, तिला झोलेड्रोनिक सहसा सहा महिन्यांनी एकदा, तीन ते पाच वर्षं देतात. यामागे दोन कारणं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या रोजच्या गोळ्या शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन काढून घेतात आणि हाडं पोकळ होतात, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटलं. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १८ हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब आला. पाळी गेलेल्या बायकांमध्ये दहा वर्षांत आजार हाडात परत येण्याचं प्रमाण शंभरात सुमारे ९ वरून ७ वर आलं होतं आणि मृत्यूही कमी झाले होते. फरक डोळे दिपवणारा नाही. पण तीन रात्रींच्या तापाच्या बदल्यात मला तो सौदा मान्य होता.

ज्यांच्या हाडांपर्यंत आजार पोचलाय त्यांना हीच औषधं जास्त वेळा लागतात. डिनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, झोलेड्रोनिक चार ते बारा आठवड्यांनी. झोलेड्रोनिक महिन्याऐवजी तीन महिन्यांनी दिलं तरी हाडं मोडण्याचं वगैरे प्रमाण वाढत नाही, असं २०१७ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. दर महिन्याला गावाहून शहरात खेपा घालत असाल तर "मला तीन महिन्यांनी चालेल का?" एवढं जरूर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक घोळ मात्र नक्की टाळा. हीच औषधं हाडांचे डॉक्टर साध्या हाडं ठिसूळ होण्यासाठीही देतात, वेगळ्या डोसमध्ये आणि वेगळ्या नावाने. झोलेड्रोनिक ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा, डिनोसुमॅब ६० मिलिग्रॅम सहा महिन्यांनी. कंबरदुखीसाठी कुणाकडे गेलात आणि त्यांनी "हाडं मजबूत करायचं वर्षाचं इंजेक्शन" सुचवलं, तर तिथेच सांगायचं की कॅन्सरचे डॉक्टर हे आधीच देताहेत. एकाच औषधाचे दोन डोस दोन दारांतून अंगात जायला वेळ लागत नाही.

पंधरा दिवस आधी: दात

मला वाटतं, या सगळ्यातलं सर्वांत मोठं काम हेच आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षही यालाच. ही औषधं जुनं हाड मोडण्याचं शरीराचं काम मंदावतात. जबड्याचं हाड मात्र चावण्याच्या दाबाने सतत मोडत-घडत असतं, वर पातळ हिरडी आणि तोंडात जंतूंचा बाजार. तिथे दात उपटला आणि खड्डा भरला नाही, तर आतलं हाड उघडं पडून मरू शकतं. २००३ साली अमेरिकेतल्या एका जबड्याच्या सर्जनने असे रुग्ण पहिल्यांदा नोंदवले. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी युरोपातल्या आगपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबडे असेच सडायचे. झोलेड्रोनिकच्या रेणूतही फॉस्फरस आहे हे कळल्यावर मी रात्री जरा जास्तच वेळ ब्रश केला होता.

घाबरवायचं नाही, म्हणून प्रमाण सांगते. हाडात आजार पसरलेल्यांना वर्षानुवर्षं महिन्याला डोस मिळतो, त्यांच्यात शंभरातल्या एक-दोघांना किंवा थोड्या जास्त जणांना हे होतं. सहा महिन्यांनी एक डोस घेणाऱ्यांत याहून कमी. पण झालं की महिनोन् महिने रेंगाळतं, म्हणून आधीच बंदोबस्त.

पहिल्या इंजेक्शनाआधी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि पहिलं वाक्य हे बोलायचं: "मला झोलेड्रोनिक सुरू होणार आहे, पुढची दोन-तीन वर्षं दात काढायची वेळ येऊ नये, असं तोंड करून द्या." मग ते संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतील, हलणारा किंवा किडून संपलेला दात असेल तर आत्ताच काढतील, सिमेंट भरतील, दात साफ करून देतील. दात काढला असेल तर हिरडी पूर्ण भरेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, इंजेक्शन थांबवतात. सहामाही डोसला तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. कवळी असेल तर ती कुठे घासते का तेही बघून घ्या. कवळीच्या घासण्याने झालेली जखमही पुरेशी असते.

माझ्या दोन दाढा तेव्हा गेल्या. रडले. आता वाटतं, बरं झालं गेल्या.

आणि मिश्री. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय उठत नाहीत, हे डॉक्टरांना माहीत नसतं आणि आपण सांगत नाही. जाळलेला तंबाखू तो, हिरडी सोलतो आणि जखम भरू देत नाही. माझ्या आईचीही सवय होती, तेव्हा सुटणं किती अवघड ते मला माहीत आहे. तरी हे इंजेक्शन आणि मिश्री एका तोंडात नकोत. सुटत नसेल तर निदान दातांच्या डॉक्टरांपासून लपवू नका.

आठवडा आधी: रक्त आणि पाणी

प्रत्येक डोसआधी दोन आकडे हवेत, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. सुरुवातीला ड जीवनसत्त्वही.

क्रिएटिनिन मूत्रपिंडाचा हिशोब सांगतं. त्यावरून वय-वजन धरून जो आकडा काढतात तो ६० च्या खाली असेल तर झोलेड्रोनिकचा डोस कमी करतात आणि ३० च्या खाली असेल तर सहसा देतच नाहीत. "मागच्या वेळी तपासलं होतं की" असं म्हणून हे टाळू नका. मधल्या सहा महिन्यांत जुलाब झाले, रक्तदाबाची गोळी बदलली, गुडघ्यासाठी महिनाभर डायक्लोफिनॅक खाल्लं, एवढ्याने आकडा हलतो. दुखण्यावरच्या त्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, इंजेक्शनाच्या आगेमागे नकोतच. मेडिकलवाला "अंगदुखीला" म्हणून जी गोळी देतो तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं का, पाकिटावर वाचून घ्या.

कॅल्शियम कमी असताना इंजेक्शन घेतलं तर ते आणखी उतरतं. हाडांतून रक्तात येणारं कॅल्शियम हे औषध अडवतं, आणि आतड्यातून कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व नसेल तर रक्ताला दुसरीकडून काही मिळत नाही. वर्षभर कडक ऊन असलेल्या मुलखात राहूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी असणं अगदी नेहमीचं. २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर आधी ते भरून घेतात. इथे एक धोक्याची खूण: ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा असते. रोज नव्हे. चिठ्ठीवरचं अक्षर न लागल्याने ती रोज खाणारी माणसं असतात आणि मग उलटंच, कॅल्शियम वाढून दवाखान्यात जावं लागतं. मी कॅलेंडरवर रविवारी गोल करायचे.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम जरा कमी दिसलं तर लगेच हाय खायची नाही. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो. डॉक्टर तो दुरुस्त करून बघतात. रिपोर्ट घेऊन जाताना अल्ब्युमिनचा कागदही बरोबर ठेवा, एवढंच.

पाणी इंजेक्शनाच्या आदल्या दिवशीपासून. हृदयाचा किंवा पाणी मोजून प्यायचा त्रास नसेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास. त्या दिवशी बस लांबची असते, स्वच्छतागृहाची सोय नसते, म्हणून बायका पाणी प्यायचं टाळतात. मीही टाळलं होतं पहिल्या वेळी. त्यामुळेच डोकं दुखलं असेल असं आता वाटतं.

त्या दिवशी

उपाशीपोटी जायचं नाही. पोहे, भाकरी, काय असेल ते खाऊन जा.

ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हातात सुई नको, दुसरा हात पुढे करा. बाटली निदान १५ मिनिटं चालली पाहिजे. याहून घाईने सोडली तर मूत्रपिंडावर ताण येतो. रांग मोठी असली की सिस्टर चाक जरा सैल सोडते. अशा वेळी गोड बोलून सांगावं, "सिस्टर, सावकाश चालू द्या, मला घाई नाही." मी नंतरच्या पाचही वेळा सांगितलं, एकदाही कुणी रागावलं नाही.

डिनोसुमॅब असेल तर त्याचा सगळा खेळ थंडाव्यात आहे. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. दुकानातून आणताना बर्फाच्या पाकिटाच्या डब्यातच घ्या, पण इंजेक्शन बर्फाला थेट चिकटू देऊ नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढलं की कमी झोंबतं. गरम पाण्यात धरून ऊब आणायची नाही.

निघण्यापूर्वी एक फोन नंबर मागून घ्या, जो रात्री उचलला जातो. आणि दुसऱ्या दिवशी लग्न, परीक्षा, लांबचा प्रवास, काहीही ठेवू नका. पहिल्या डोसनंतर तर तीन दिवस मोकळेच हवेत.

तीन रात्री

झोलेड्रोनिकच्या पहिल्या डोसनंतर तिघांतल्या साधारण एकीला ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, मळमळ होते. सहसा पहिल्या २४ तासांत सुरू होतं आणि तीन दिवसांत उतरतं. दुसऱ्या डोसला खूपच कमी जणींना, तिसऱ्याला त्याहून कमी. कारण साधं आहे. औषधामुळे रक्तातल्या काही संरक्षक पेशी चेकाळतात आणि फ्लूसारखी लक्षणं उभी करतात. संसर्ग नसतो. हाडाला काही होत नसतं.

मी दुसऱ्या वेळेपासून डॉक्टरांना विचारून असं करत गेले: इंजेक्शनाच्या तासभर आधी पॅरासिटामॉलची एक गोळी, मग ताप येवो न येवो, रात्री एक आणि दुसऱ्या दिवसापासून सहा-सहा तासांनी. तीन दिवस. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. यकृताचा त्रास असेल किंवा यकृतात आजार असेल तर पॅरासिटामॉलही कमी लागतं. त्याच वेळी सर्दीची गोळी घेऊ नका, तिच्यातही पॅरासिटामॉल असतं आणि बेरीज होते.

उशाशी थर्मामीटर, पाण्याचा तांब्या, एक कोरडा गाऊन आणि गोळीची वेळ लिहायला कागद. दिवसातून चार वेळा ताप मोजून लिहायचा. घाम येऊन कपडे भिजले की रात्रीच बदलायचे, नाहीतर थंडी पुन्हा भरते. खायला मुगाची खिचडी, भाताची पेज, मीठ घातलेलं ताक. अंगदुखीला गरम पाण्याची पिशवी कमरेला लावली तर बरं वाटतं. काखेच्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला मात्र शेक नको. तिसऱ्या दिवशी मी अंगणात दहा फेऱ्या मारायचे. पडून राहिलं की सांधे आणखी आखडतात.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. किमो चालू असेल, किंवा नुकतीच झाली असेल, तर ताप इंजेक्शनाचा आहे असं घरात बसून ठरवायचं नाही. किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, आणि १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वरचा ताप हा तेव्हा जीवघेण्या संसर्गाचा असू शकतो. दोन्ही ताप अंगावर सारखेच दिसतात. पॅरासिटामॉल दोन्ही उतरवतं, म्हणूनच ते जास्त फसवं. किमोवर असलेल्या बाईने आधी ताप मोजायचा, मग फोन करायचा, मग गोळी घ्यायची. रात्री दोन वाजले असले तरी. दवाखाना पेशी तपासेल आणि सगळं ठीक निघालं तर परत पाठवेल. फुकट गेलेल्या रिक्षाचं दुःख कुणाला होत नाही.

किमो संपून महिने झालेत, तरीही ताप तीन दिवसांनंतर टिकला, १०३ च्या वर गेला, धाप लागली, लघवीला जळजळ होऊ लागली, किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात लाल होऊन सुजला, तर तो इंजेक्शनाच्या खात्यात टाकू नका.

ओठांना मुंग्या आल्या तर

तापाने माणूस घाबरतो आणि मुंग्यांकडे दुर्लक्ष करतो. खरं तर उलट हवं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, पायात गोळे, हाताची बोटं आपोआप आवळून वाकडी होणं, ही कॅल्शियम उतरल्याची लक्षणं. डिनोसुमॅबनंतर ती पहिल्या दोन आठवड्यांत जास्त दिसतात, मूत्रपिंड अशक्त असेल तर नंतरही. माझ्या मावसबहिणीला नवव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता बोटं लाटण्याला चिकटल्यासारखी झाली. तिला वाटलं, थकवा. सुनेने ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं. कॅल्शियम फारच खाली होतं, शिरेतून द्यावं लागलं. ती कॅल्शियमची गोळी "गरम पडते" म्हणून सोडून बसली होती.

किमोने हातापायांना आधीच मुंग्या येत असतील तर? फरक असा: किमोच्या मुंग्या हातमोजा-पायमोजा घातल्यासारख्या, दिवसरात्र, महिनोन् महिने. कॅल्शियमच्या मुंग्या नव्या, तोंडाभोवती, आणि सोबत गोळे. शंका आली तर रक्त त्याच दिवशी तपासायचं. झटके, घशात आवळल्यासारखं होणं, छातीत धडधड, असं काही झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन.

गोळीबद्दल चार गोष्टी मी वहीत लाल पेनाने लिहिल्या आहेत. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, तरच अंगी लागतं. एकदम हजार नको, ५००-५०० करून सकाळ-संध्याकाळ. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीपासून दोन तास. बद्धकोष्ठ झाला तर गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगून सायट्रेट प्रकारची घ्यायची आणि रोज भिजवलेल्या मनुका, पाणी, चालणं. आणि हो, मुतखड्याचा इतिहास असेल तर आधीच सांगायचं. आजार हाडात असून रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल तर कॅल्शियमची गोळी मनाने अजिबात नको. म्हणून शेजारणीची चिठ्ठी बघून गोळ्या आणायच्या नसतात.

ताटात किती येतं? दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या वर, म्हणजे एका मध्यम भाकरीत पावणेदोनशेच्या आसपास. पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. तिळाची चटणी भाकरीबरोबर असेल तर बरीच भर पडते. दोन्ही वेळ नीट जेवणारी बाई अर्धी मजल ताटातूनच मारते, उरलेली गोळीने. पानाचा चुना खाऊन कॅल्शियम भरायचा सल्ला मला तिघींनी दिला. तोंड पोळणारी वस्तू, आणि आपण जबडा सांभाळायला निघालोय.

सांधे कुणामुळे दुखतात?

हे कोडं मला वर्षभर सुटलं नाही. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे. मी इंजेक्शनाला शिव्या घालायचे. वहीत तारखा मांडल्यावर दिसलं: इंजेक्शनानंतरची दुखी चार-पाच दिवसांत जाते आणि अंगभर असते. ही रोजची, सकाळची, मनगटं-बोटं-गुडघ्यांतली, इंजेक्शनाच्या आधीही होती. ती लेट्रोझोलची. डॉक्टरांनी गोळी बदलून अ‍ॅनास्ट्रोझोल दिली, रोज चालायला सांगितलं, आणि दोन महिन्यांत मूठ मिटू लागली. असं सगळ्यांचं होईल असं नाही, पण दोन औषधांची भांडणं एकाच्या माथी मारून इंजेक्शन बंद करायचं नाही.

क्वचित झोलेड्रोनिकनंतर हाडं-स्नायू आठवडे दुखत राहतात. आणि एकाच जागी, रात्री जागवणारी, दिवसेंदिवस वाढणारी दुखी कुठल्याच औषधाच्या नावावर टाकायची नाही. ती तपासून घ्यायची.

मांडीचं वेगळं. मांडीच्या मध्यात किंवा जांघेत बोथट दुखणं, चालताना वाढणारं, आठवड्यांपासून. ही औषधं बरीच वर्षं घेतलेल्यांत क्वचित मांडीच्या हाडाला आडवी चीर जाते आणि साध्या ठेचेने हाड मोडतं. मोडण्याआधी ते असं दुखून सांगतं. एक्स-रे दोन्ही मांड्यांचा काढतात, कारण चीर दुसरीकडेही असू शकते.

डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, दिसायला अंधुक झालं, तर मेडिकलमधले थेंब नकोत, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. हे पहिल्या काही दिवसांतच होतं आणि क्वचितच. कानाच्या नळीतलं हाडही कधीकधी बिघडतं, कान दुखून वाहत राहिला तर सांगावं.

पुढची वर्षं: तोंडाची रोजची पाहणी

सकाळ-रात्र मऊ ब्रश, जेवणानंतर चूळ, सहा महिन्यांनी दातांची तपासणी. मी ती इंजेक्शनाच्या तारखेच्या महिनाभर आधी ठेवते. रविवारी ड जीवनसत्त्वाची पुडी घेते तेव्हाच आरशासमोर टॉर्च धरून हिरड्या बघते. काय शोधायचं: हिरडीतून डोकावणारं पिवळट-पांढरं टोकदार हाड, आठवड्यांनंतरही न भरलेली जखम, पू, अचानक हलू लागलेला दात, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. हाड दर वेळी दुखतंच असं नाही, म्हणून बघायला लागतं.

मध्येच दात दुखलाच तर घाबरून इंजेक्शन लपवायचं नाही आणि दात सहन करत बसायचंही नाही. सडलेला, पू झालेला दात तसाच ठेवणं हा उपटण्याइतकाच धोका आहे. बहुतेक वेळा रूट कॅनाल करून दात वाचवता येतो. तो पहिला पर्याय. काढावाच लागला तर दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवायला हवं: आधी-नंतर प्रतिजैविक, शक्य तेवढी कमी चिरफाड, आणि पुढचं इंजेक्शन हिरडी भरेपर्यंत लांबवणं. झोलेड्रोनिक हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं, त्यामुळे "इंजेक्शनं संपून वर्ष झालं, आता काय" असं म्हणत दातांच्या डॉक्टरांना न सांगणं चूक. दातांचं इम्प्लांट बसवून घ्यायचा विचार असेल तर तो मुळात टाळलेला बरा.

डिनोसुमॅबवाल्यांसाठी एकच गोष्ट

झोलेड्रोनिक मुरतं, डिनोसुमॅब मुरत नाही. त्याचा परिणाम सहा महिन्यांत उतरतो आणि दाबून धरलेल्या पेशी एकदम उसळी घेऊन हाड खातात. मणके एकामागून एक दबू शकतात. म्हणून सहामाही डोस घेणाऱ्यांनी तारीख महिन्याच्या वर पुढे ढकलायची नाही. बारसं असो, पाऊस असो, पैशाची अडचण असो. पैशाची अडचण असेल तर तारीख उलटण्याआधी डॉक्टरांना सांगा. भारतात त्याच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, आणि थांबवायचंच असेल तर बहुतेकदा मधे झोलेड्रोनिक देऊन हाडं सावरतात. मनाने सोडायचं औषध हे नव्हे.

माझं सहावं इंजेक्शन गेल्या वैशाखात झालं. जाताना वही घेऊन गेले. शेजारच्या खाटेवर पहिल्या डोससाठी आलेली एक मुलगी होती, पस्तिशीची, पाळी बंद करायची इंजेक्शनं चालू असलेली, आणि तिला संध्याकाळच्या रेल्वेने सोलापूरला परत जायचं होतं. मी तिला विचारलं, "पॅरासिटामॉल घेतलीस का? किमो कधी संपली? दातवाल्याकडे जाऊन आलीस?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे होती. तिसऱ्याला तिने नाही म्हणून मान हलवली, आणि मी सिस्टरला हाक मारली.